आजी-मामांकडे वाढणारी मुलं: एचआयव्हीबाधित कुटुंबांतल्या मुलांसाठी गावपातळीवर आधारगट कसा चालवावा

एचआयव्हीमुळे आई-वडील गेलेलं मूल म्हटलं की बहुतेकांना आश्रम आठवतो. पंढरपूरची पालवी, हासेगावचं सेवालय, बीडजवळची इन्फंट इंडिया, पुण्याची मानव्य या संस्थांनी महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. तरी बहुसंख्य मुलं तिथे पोचत नाहीत, आणि पोचायची गरजही नसते. ती आजीकडे असतात, मामाकडे असतात, नाहीतर विधवा आईबरोबर माहेरच्या पडवीत. त्यांना हवं असतं ते एवढंच: औषध वेळेवर मिळावं, शाळा सुटू नये, बापाच्या जमिनीवरचं नाव राहावं, महिन्याला थोडे पैसे यावेत आणि या सगळ्यात गावभर बोभाटा होऊ नये. पाच-सात माणसांचा गट दहा ते पंधरा मुलांचं हे काम नीट करू शकतो. तीस मुलं घेतलीत तर गृहभेटी कागदावरच होतील.

गटाचं नाव आणि गटातली माणसं

गटाच्या नावात, पाटीवर, पावतीपुस्तकावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठेही एचआयव्ही किंवा एड्स हा शब्द नको. 'बालआधार गट', 'एकल पालक मदत गट' असं काहीही चालेल. पण नुसतं नाव बदलून भागत नाही, यादीही मिसळलेली हवी. अपघातात बाप गेलेली, कोविडमध्ये पालक गमावलेली, शेतकरी आत्महत्येनंतर उरलेली, आई सोडून गेलेली मुलं याच यादीत घ्या. सरकारी योजना बहुतेक त्याच आहेत, त्यामुळे काम वाढत नाही. उलट तुमची गाडी एखाद्या दारात थांबली म्हणून त्या घरावर शिक्का बसत नाही. सगळ्या कामाचा पाया हाच आहे. इथे चुकलं तर पुढचं सगळं उलट फिरतं.

गटात एक आशाताई किंवा अंगणवाडी सेविका, एक निवृत्त शिक्षक, तहसील आणि तलाठी कार्यालयात वावरलेला एकजण, दुचाकी असलेले दोघं आणि स्वतः एचआयव्हीसह जगणारी एक बाई असावी. या शेवटच्या सदस्येशिवाय गट सुरू करू नका. नव्या घरात पहिलं पाऊल तिच्यामुळेच पडतं.

कोणत्या मुलाचा किंवा पालकाचा एचआयव्हीशी संबंध आहे हे गटातल्या फक्त दोघांना माहीत असावं. बाकीच्यांना 'आई आजारी असते, तहसीलचं काम आहे' इतकं पुरे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 साली झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते: सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. तिची मदत जरूर घ्या, पण तिथे विषय मांडताना 'निराधार बालक' एवढंच म्हणा.

मुलं शोधायची नाहीत, त्यांना तुमच्यापर्यंत येऊ द्यायचं

नवे गट उत्साहाच्या भरात जिल्हा रुग्णालयात जाऊन 'तुमच्याकडची यादी द्या' म्हणतात. यादी मिळत नाही, आणि मिळायलाही नको. योग्य वाट अशी: एआरटी (एचआयव्हीचं औषध) देणाऱ्या सरकारी केंद्राच्या समुपदेशकाला, तपासणी केंद्राच्या समुपदेशकाला, विहान काळजी व आधार केंद्राच्या कार्यकर्त्याला आणि जिल्हा एड्स नियंत्रण विभागाला (सगळे त्याला डापकू म्हणतात) एक पानाची माहिती आणि एक फोन नंबर देऊन ठेवा. ते कुटुंबाला विचारतील, कुटुंब तयार असेल तर तुम्हाला फोन येईल. पहिले दोन महिने एकही फोन न येणं अगदी साहजिक आहे.

फोन आल्यावर भेट कुठे घ्यायची हे समोरच्याला ठरवू द्या. बऱ्याच जणी एआरटीच्या तारखेला रुग्णालयाच्या आवारातच भेटतात, ते चांगलंच. घरी जायचं ठरलं तर दोनच माणसं जा, त्यातली एक बाई असू दे, बॅनर लावलेल्या गाडीतून जाऊ नका. शेजारीण 'कोण आलंय?' विचारणारच. त्याचं उत्तर आजीशी आधी ठरवून घ्या: 'पोराच्या पैशाच्या योजनेचं काम आहे.' ते खरंही असतं.

पहिल्या भेटीत प्रश्नावली काढायची नाही. बसा, पाणी प्या, आणि मुलाचं वजन, अंगावरचे कपडे, घरात शिजलेलं अन्न, औषधाची जागा हे डोळ्यांनी टिपा. नोंद बाहेर आल्यावर करा. रजिस्टरात नावाऐवजी क्रमांक. नाव आणि क्रमांकाची जोडणी वेगळ्या वहीत, ती कुलुपात. दुसऱ्या भेटीपर्यंत मूल तीनपैकी एका गटात टाका. लाल: औषध बंद, वजन घटतंय, सांभाळणारं माणूस स्वतः अंथरुणावर, किंवा घरात मारहाणीचा वा लैंगिक अत्याचाराचा संशय. अशा घरी आठवड्याला एक भेट. पिवळा: औषध चालू पण कागद अपुरे, शाळा अधूनमधून. अशा घरी पंधरा दिवसांनी भेट. हिरवा: सगळं रांगेला लागलेलं, महिन्यातून एकदा. अत्याचाराचा संशय असेल तर गटात चर्चा करत बसू नका. 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा पोलीस. पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे.

कोणत्या मुलांची तपासणी

आई पॉझिटिव्ह असेल तर तिच्या प्रत्येक मुलाची तपासणी झालेली असावी, दिसायला ठणठणीत असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाचीही. जन्मतः लागण झालेली काही मुलं वर्षानुवर्षं लक्षणांविना वाढतात आणि मग वारंवार न्यूमोनिया, कान फुटणं, अंगावर न जाणारी खाज यांतून उशिरा कळतं. तान्ह्या बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी कोरड्या रक्ताच्या थेंबांवर होते, पुढे 6, 12 आणि 18 महिन्यांनी. अठराव्या महिन्याआधी बाळाच्या रक्तात आईच्याच प्रतिपिंडांचा अंश असतो, त्यामुळे नेहमीच्या साध्या तपासणीचा पॉझिटिव्ह निकाल त्या वयात अंतिम धरता येत नाही. बऱ्याच घरांत सहा आठवड्यांचा निकाल निगेटिव्ह आला की लोक परत जातच नाहीत. आई अंगावर पाजत असेल तर धोका संपलेला नसतो, म्हणून अठरा महिन्यांची तारीख गटाच्या कॅलेंडरवर असू द्या.

मूल निगेटिव्ह निघालं की ते यादीतून काढायचं नाही. शाळा सोडून आजारी आईची सेवा करणारी निगेटिव्ह मुलगी जास्तच अडचणीत असते.

औषध: खरं काम इथे आहे

एआरटी सरकारी केंद्रात मोफत मिळते; देशात हा कार्यक्रम 1 एप्रिल 2004 पासून सुरू आहे. औषध आयुष्यभर आणि रोज. मोठ्यांना हे जमतं, कारण बहुतेकांना दिवसाला एक गोळी असते. मुलांचा डोस मात्र वजनावर ठरतो आणि वजनाचे टप्पे आहेत: 3, 6, 10, 14, 20, 25, 30 किलो. मूल 19.5 किलोवरून 20.2 वर गेलं की डोस, कधीकधी औषधच बदलतं. म्हणून घरभेटीला वजनकाटा बरोबर ठेवा आणि आकडा एआरटीच्या पुस्तकात मागच्या पानावर लिहून द्या. दोन महिने औषध आणायला फक्त आजी गेली, मूल गेलंच नाही, तर जुनाच डोस चालू राहतो.

गोळ्या मोजायला शिका. पाच मिनिटांचं काम आहे. समजा 1 तारखेला 60 गोळ्या मिळाल्या, रोज दोन. तुम्ही 21 तारखेला सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी गेलात. 20 दिवसांत 40 संपायला हव्यात, 20 उराव्यात. डबी रिकामी केली तर 26 निघाल्या. म्हणजे 40 पैकी 34 गेल्या, 85 टक्के. हवेत किमान 95 टक्के. आता आजीला रागावण्यात अर्थ नाही. कोणत्या वेळची गोळी चुकते ते विचारा. बहुतेकदा सकाळची चुकते, कारण आजी पहाटे मजुरीला जाते. ही गोष्ट समुपदेशकाला सांगा. दिवसातून एकदाच घ्यायचं औषध या मुलाला बसतं का ते डॉक्टर बघतील. तुम्ही स्वतः वेळा बदलू नका.

आकडा अगदी तंतोतंत जुळला तरी निर्धास्त राहू नये. बारा-तेराव्या वर्षी मुलं गोळी गिळल्यासारखं करून मोरीत टाकतात आणि मोजणी शंभर टक्के येते. खरं काय ते व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची तपासणी) सांगतो: औषध सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. 1,000 च्या वर आला तर केंद्रात जादा समुपदेशन होतं आणि पुन्हा तपासणी. या तारखा चुकू देऊ नका. महिनोन्‌महिने औषध निकामी चालत असूनही मूल वरून हसतंखेळतं दिसू शकतं.

अक्षरओळख नसलेल्या आजीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं: गोळी दिली की तारखेवर कोळशाची फुली. वेळ घड्याळाशी बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या गोष्टीशी बांधा, रात्रीचं जेवण उरकून ताटं घासायला निघायची वेळ म्हणजे गोळीची वेळ. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यायची. विसरली तर आठवल्याबरोबर द्यायची, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. एकदम दोन नाहीत.

शाळेतल्या लोहाच्या गोळीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. शाळांत आठवड्याला एक गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. बऱ्याच मुलांच्या एआरटीत आता डोल्यूटेग्राविर असतं. लोह किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी त्याच्या जोडीला गेलं तर ते औषध अंगी लागत नाही. लोह बंद करू नका, मुलाला त्याची गरज असते. शाळेतली गोळी दुपारच्या जेवणानंतर आणि एआरटी रात्री, इतकं अंतर ठेवलं की प्रश्न मिटतो. आम्लपित्ताची औषधंही अशीच आड येतात. गावच्या डॉक्टरकडून कुठलंही औषध घेताना एआरटीचं पुस्तक दाखवायचं. जंताची गोळी चालते.

प्रत्येक भेटीला चार प्रश्न: खोकला आहे का, ताप येतो का, वजन वाढत नाही का, घरात किंवा शेजारी टीबीचा रुग्ण आहे का. एकाचंही उत्तर 'हो' असलं तर टीबीची तपासणी. टीबीचं औषध सुरू होणार असेल तर एआरटी केंद्राला आधी कळलंच पाहिजे, कारण रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाबरोबर डोल्यूटेग्राविरचा डोस वाढवावा लागतो. आणि नवीन औषध सुरू झाल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या एकत्र आल्या तर त्याच दिवशी केंद्रात. अबाकाविर या एआरटीतल्या औषधाची अॅलर्जी असू शकते, आणि तसं निघालं तर ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नसतं.

मराठवाड्यात आणखी एक घोर असतो, ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. निघायच्या आधी पंधरा दिवस एआरटी केंद्रात जाऊन जास्त महिन्यांचा साठा मागा; तब्येत स्थिर असलेल्यांना तो देतात. नाहीतर कारखान्याच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे बदलीचा कागद घ्या. मूल हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर डबी कुणाकडे ते ठरवा आणि त्या माणसाला एवढंच सांगा: 'ताकदीची गोळी आहे, रोज रात्री.'

आहाराचं थोडक्यात. लक्षणं नसलेल्या पॉझिटिव्ह मुलाला साधारण 10 टक्के जादा ऊर्जा लागते, वजन घटत असेल तर दीडपट ते दुपटीपर्यंत. किराणा किटमध्ये तांदूळ-तेल भरण्याऐवजी शेंगदाणे, फुटाण्याचं डाळं, गूळ, अंडी यांवर पैसे घाला. दोन वाट्या भाजलेली ज्वारी किंवा गहू, एक वाटी डाळं, अर्धी वाटी शेंगदाणे दळून ठेवलं तर दूध-गुळात कालवून लहान मूल दिवसातून दोनदा खातं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर घरगुती पिठावर विसंबू नका, अंगणवाडीमार्फत रुग्णालय.

कागद: आई जिवंत असतानाच

वडील गेल्यावर पहिल्या वर्षात घराचं जे काही हातचं जातं ते कागदांअभावी जातं. दीर आणि सासरे सुनेला हक्कसोडपत्रावर सही करायला लावतात: 'तुझ्या दवाखान्याला पैसे लावतो, सही कर.' आईने कशावरही सही करण्याआधी गटाला विचारायचं, हे तिला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत. बऱ्याच घरांत दाखला काढतच नाहीत, कारण त्यावर आजाराचं नाव येईल ही भीती. ते येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच दाखल्यावर मृत्यूचं कारण दाखवायचं नाही असं आहे. दाखल्याच्या किमान पाच प्रती काढा.

मग वारस नोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. ई-हक्कवरून ऑनलाइनही होतो. मजकूर साधा असतो ('अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं मूल, 'अ.पा.क.' म्हणजे त्याचा पालनकर्ता):

'मौजे ___ येथील गट क्र. ___ चे खातेदार ___ हे दि. ___ रोजी मयत झाले. त्यांना पुढीलप्रमाणे वारस आहेत: आई ___, वय __, पत्नी ___, वय __, मुलगा ___, वय __, अज्ञान, अ.पा.क. आई ___; मुलगी ___, वय __, अज्ञान, अ.पा.क. आई ___. याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत. तरी वारस नोंद घेण्यात यावी.'

सोबत मृत्यू दाखला, सातबारा आणि 8-अ, शिधापत्रिका, वारसांचे आधार आणि स्वयंघोषणापत्र. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाच्या बाहेर पडू नका. मयताची आई हयात असेल तर हिंदू वारसा कायद्यात तीही वारस आहे. तिचं नाव गाळलं की हरकत येते आणि फेरफार अडकतो. मुलीचं नाव तर हमखास गाळतात. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून तपासा: मुलांची नावं आणि त्यापुढे 'अ.पा.क.' आहे का. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरही नोंद लागते. ती लोक विसरतात आणि चुलता घरपट्टी स्वतःच्या नावावर भरायला लागतो.

चुलत्याने 'मीच सांभाळतो' म्हणून जमीन विकायला काढली तर तलाठी आणि दुय्यम निबंधकांकडे लेखी हरकत द्या. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा 1956 प्रमाणे आईलासुद्धा अज्ञान मुलाची स्थावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नुसता सांभाळणारा नातेवाईक तर विकूच शकत नाही. 2017 च्या कायद्याने आणखी एक वाट दिली आहे, ती फारशी कुणी वापरत नाही: मुलाच्या मालमत्तेची कागदपत्रं बालकल्याण समितीकडे (निराधार मुलांबद्दल आदेश देणारी समिती) सुरक्षित ठेवायला देता येतात, आणि मुलाला घरातून काढलं किंवा काढायचा डाव दिसला तर तक्रारही तिथेच करता येते. अर्ज मूल स्वतः करू शकतं किंवा त्याच्या हितासाठी झटणारं कुणीही.

आजारी आईने मुलांसाठी पालक नेमून ठेवावा. याच 2017 च्या कायद्यात मृत्युपत्राने नातेवाइकाला किंवा मित्राला पालक नेमायची सोय आहे. आई अंथरुणाला खिळली किंवा गेली की तो लगेच पालक होतो. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांसमोर सही हवी. तरी नोंदणी करून घ्या, पुढचे वाद कमी होतात. ज्याला नेमायचं त्याला आधी विचारा. हे सांगायची गरज पडते.

आणि जिथे मोठं भावंडच घर चालवतं तिथे: 12 ते 18 वयाचं, समज असलेलं, घराचा कारभार बघणारं भावंड धाकट्यांचं पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खातं, मालमत्ता यांसाठी चालतं. कायद्याचं कलम 32. बँकेत आणि शाळेत हे कुणाला माहीत नसतं, म्हणून कलमाची मराठी प्रत पिशवीत ठेवा.

महिन्याचे पैसे

सगळ्यात उपयोगी आहे बालसंगोपन योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. 18 वर्षांपर्यंत प्रत्येक मुलामागे महिन्याला ₹2,250. अनाथ, एक पालक असलेली आणि दुर्धर आजाराने ग्रासलेल्या पालकांची मुलं यात बसतात, म्हणजे आई-वडील दोघंही हयात असले तरी मार्ग बंद नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, मृत्यू दाखला, शिधापत्रिका, पासबुक, घरासमोर पालक आणि मुलांचा एकत्र फोटो. नंतर घरी चौकशी होते, मग बालकल्याण समितीपुढे मुलाला घेऊन हजर राहावं लागतं आणि आदेश निघतो.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्व ₹4,000 आहे. तिथे उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ₹72,000 आणि शहरात ₹96,000. एका मुलाला दोन्ही एकदम मिळत नाहीत. पॉझिटिव्ह आईसाठी किंवा अनाथ मुलासाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना वेगळी आहे, ₹1,500. तिची उत्पन्नमर्यादा ₹21,000 इतकी कमी आहे की दाखल्यावरचा आकडा आधी बघूनच अर्ज भरा. बेतास बात असलेल्या घरांनी अंत्योदय कार्डासाठीही अर्ज करावा. 35 किलो धान्याने फरक पडतो.

पैसे अडकण्याची कारणं जवळजवळ ठरलेली असतात. आधारवर 'सुनिता', पासबुकावर 'सुनीता'. आधार भलत्याच जुन्या खात्याशी जोडलेलं, त्यामुळे रक्कम तिकडे जाते. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय. मुलाचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत केलेलं नाही. दरवर्षीचं बोनाफाईड दिलं नाही म्हणून नूतनीकरण थांबलेलं. जून संपायच्या आत गटातल्या सगळ्या मुलांची बोनाफाईडं एकत्र गोळा करून एकाच फेरीत नेऊन द्या. शिवाय सगळं बरोबर असलं तरी हप्ते महिना-महिन्याला येत नाहीत, चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. म्हणून गटाकडे पंधरा-वीस हजारांचा फिरता निधी हवा: एआरटीचं भाडं, वह्या, अडीनडीचा किराणा. हप्ता आल्यावर घराकडून परत मागायचा की नाही हे सुरुवातीलाच ठरवा. भाडं परत मागू नये असं आमचं मत आहे. परत द्यावं लागेल या धास्तीने पुढची तारीख चुकते.

एसटीच्या सवलतींत एचआयव्हीबाधितांनाही स्थान आहे, पण त्यासाठी कंडक्टरपुढे कागद दाखवावा लागतो. आपल्याच गावच्या गाडीत कित्येकजणी तो काढत नाहीत. आग्रह करू नका, तिकीट काढून द्या.

शाळा

शाळेला सांगायचं का? बहुतेक वेळा नाही. बाकावर शेजारी बसण्याने, डब्यातून, खेळण्याने, संडासातून एचआयव्ही पसरत नाही, त्यामुळे शाळेला कळण्याचं वैद्यकीय कारण उरत नाही. शाळा एचआयव्ही तपासणीचा अहवाल मागू शकत नाही, प्रवेश नाकारू शकत नाही. खरचटणं, नाकातून रक्त येणं यासाठी प्रथमोपचाराचा नियम सगळ्या मुलांना एकच असावा: हातमोजे, साबण-पाणी, जखमेवर पट्टी. याचं प्रात्यक्षिक शाळेच्या नेहमीच्या एखाद्या कार्यक्रमात घ्या, एखाद्या मुलासाठी म्हणून नव्हे.

बातमी फुटली आणि पालकांनी 'त्याला काढा' म्हटलं तर तीन दिवसांच्या आत हालचाल करा. हासेगावात सेवालयाच्या मुलांच्या शाळाप्रवेशाला झालेला विरोध महाराष्ट्राने पाहिला आहे. विरोध जितका मुरतो तितका तो प्रतिष्ठेचा होतो. आधी मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी यांना लेखी, मग डापकूचा डॉक्टर बोलावून पालकसभा, मुलाचं नाव एकदाही न घेता. तरी नकार असेल तर 2017 च्या कायद्याखालच्या लोकपालाकडे तक्रार. दरम्यान मुलाला घरी बसवू नका, रोज शाळेच्या दारात नेऊन सोडा आणि हजेरी मागा.

शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के प्रवेशात एचआयव्हीबाधित, प्रभावित आणि अनाथ मुलं वंचित गटात येतात, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्यांना स्थिती कळते. मूल जातीच्या दाखल्यावर त्याच गटात बसत असेल तर तोच दाखला लावा.

मुलाला सांगणं

हे काम गटाचं नाही, पालकाचं आणि एआरटी समुपदेशकाचं आहे. गटाने ते टळू द्यायचं नाही, एवढंच. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते' इतकं पुरतं. नाव दहा-बाराव्या वर्षापर्यंत कळलेलं असावं. आजी सांगत नाही कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आईला कशाने झालं? त्याचं उत्तर समुपदेशकासमोर एकदा म्हणून बघायला सांगा. उशीर झाला की मूल डबीवरचं नाव मोबाईलवर शोधतं, आणि गोळ्या मोरीत जायला लागतात त्या याच सुमारास.

घर टिकतच नसेल तर

सांभाळणारं कुणीच उरलं नाही किंवा घरातच धोका आहे, तेव्हा मुलाला परस्पर कुठल्या आश्रमात नेऊन सोडायचं नाही. बालकल्याण समितीपुढे न्यायचं. आधी नात्यात शोध, मग इतर कुटुंबात संगोपन, शेवटी संस्था. भावंडं एकत्र राहावीत ही मागणी लेखी करा. आणि गटानेच दोन खोल्या भाड्याने घेऊन चार मुलं ठेवायची कल्पना कितीही गोड वाटली तरी सोडा: बाल न्याय अधिनियम 2015 खाली नोंदणीशिवाय मुलांना ठेवणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाखाचा दंड. मूल कुणाला 'दत्तक देऊन टाकणं' तर त्याहून गंभीर.

देणगीदार फोटो मागतील. वाढदिवसाचा केक घेऊन येऊ म्हणतील. अशा मुलांची ओळख उघड करायला याच अधिनियमात मनाई आहे. देणगीदाराला पावती, खर्चाचा तक्ता आणि 'क्रमांक 7 चा व्हायरल लोड दबला, हजेरी 92 टक्के' असं पत्र द्या. जो यावर नाराज होऊन जातो त्याचे पैसे गेलेलेच बरे.

सोळाव्या वर्षापासून

बालसंगोपनाचे पैसे अठराव्या वाढदिवसाला थांबतात आणि ती तारीख कुणालाही आयत्या वेळी कळता कामा नये. मुलीच्या बाबतीत याच वयात 'कुणीतरी करून घेतंय तर देऊन टाकू' सुरू होतं. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी कळवा. दोन्ही पालक गेलेल्यांसाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र सोळाव्या वर्षीच मागायला लागा, राज्यात शिक्षण आणि नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे आणि प्रमाणपत्राला वेळ लागतो. एआरटी केंद्रात स्वतःची तारीख स्वतः लक्षात ठेवून, एकट्याने जाऊन औषध आणायची सवय सतराव्या वर्षी लावा, आजी बाहेर बाकावर बसली तरी चालेल.

अठरा पूर्ण झाल्यावर बँक खातं अज्ञानाचं सज्ञान करायचं, नवी सही द्यायची. तलाठ्याकडे वयाच्या पुराव्यासह अर्ज करून सातबाऱ्यावरचा 'अ.पा.क.' शेरा कमी करून घ्यायचा. मधल्या काळात पालकाने न्यायालयाच्या परवानगीविना जमीन विकलेली निघाली तर तो व्यवहार रद्द करून मागायला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. ती तारीख मुलाच्या हातात लिहून द्या, आणि कुलुपातल्या जोडणीच्या वहीतलं त्याचं पान फाडून त्याच्याच हवाली करा.